पिचिची : लीग सुरू होण्याआधीचा गोलवीर

स्पॅनिश फुटबॉल नेमाने पाहणाऱ्याला ‘पिचिची’ हे नाव नवे नाही. ला लीगा या स्पेनच्या अव्वल लीगच्या एका मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्या खेळाडूला ‘मार्का’ हे क्रीडादैनिक जो करंडक देते, त्याचे हे नाव. लिओनेल मेस्सीने तो आठ वेळा जिंकला, त्यात २०११-१२ चा मोसम तर ५० गोलांचा. मेस्सी आणि रोनाल्डो यांची चुरस ऐन भरात असताना रात्र-रात्र जागून सामने पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्याही तोंडी हे नाव होते. पण पिचिची हा एक हाडामांसाचा माणूस होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. आणि तो ला लीगामध्ये एकही सामना खेळलेला नाही, हे तर त्याहून थोड्यांना.

तो खेळणार तरी कसा? ला लीगा सुरू झाली फेब्रुवारी १९२९ मध्ये. राफाएल मोरेनो आरान्सादी, म्हणजेच पिचिची, त्याच्या सात वर्षे आधी, मार्च १९२२ च्या सुरुवातीला वारला होता. तेव्हा त्याला तिसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

मग ज्या लीगचे त्याने तोंडही पाहिले नाही, तिच्या गोलवीराच्या करंडकाला त्याचेच नाव का? ‘त्याने खूप गोल केले म्हणून’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गोल करणारे पुढे झाले, त्याच क्लबात झाले. खरे उत्तर समजायचे तर त्या काळी फुटबॉल कसा खेळला जायचा, सामने किती व्हायचे, गोल कसे मोजले जायचे आणि बिल्बाओ नावाच्या शहरात तेव्हा काय चालले होते, हे थोडे निवांतपणे पाहावे लागते.

लोखंडाचे शहर

बिल्बाओ हे स्पेनच्या उत्तरेकडचे, बास्क प्रदेशातले बंदर. नेर्व्हिऑन नदीच्या काठाने वसलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपासच्या डोंगरांतले लोहखनिज जहाजांत भरून ब्रिटनला जाऊ लागले आणि तिकडून कोळसा येऊ लागला. जहाजांबरोबर ब्रिटिश खलाशी, खाणींतले आणि गोद्यांतले तंत्रज्ञ आले, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. नदीकाठच्या ज्या मोकळ्या जागेवर ही मंडळी खेळत, तिला गावकरी ‘इंग्रजांचे मैदान’ म्हणत. दुसरीकडे बिल्बाओतल्या सधन घरांतली मुले शिकायला ब्रिटनला जात होती आणि येताना हाच खेळ घेऊन परतत होती. ३ मे १८९४ रोजी लामियाको इथे स्थानिक तरुण आणि ब्रिटिश यांच्यात सामना झाला. स्थानिकांनी तो ०-५ असा गमावला. पण गोडी लागायची ती लागली. अॅथलेटिक क्लब आपली स्थापना १८९८ ची मानतो. नाव इंग्रजी, सुरुवातीचे कितीतरी खेळाडू इंग्रज. क्लबचे लाल-पांढरे पट्टेही इंग्लंडहूनच आले: १९०९ च्या अखेरीस हुआन एलोर्दुय नावाचा तरुण तिकडे गेला असताना साउदम्प्टनहून पन्नास सदरे घेऊन आला, आणि जानेवारी १९१० पासून संघ त्या रंगात उतरू लागला.

राफाएलचा जन्म याच शहरातला, २३ मे १८९२ चा. घर खाऊनपिऊन सुखी आणि प्रतिष्ठित. वडील होआकीन मोरेनो वकील, बिल्बाओचे महापौरपदही त्यांनी भूषवलेले. आईकडून तो मिगेल दे उनामुनो या स्पेनच्या थोर विचारवंत-लेखकाच्या नात्यातला. अशा घरातल्या मुलाने शिकावे, पदवी घ्यावी, वकिली करावी, ही साधी अपेक्षा. तो पाद्र्यांच्या शाळेत शिकला, मग देउस्तो विद्यापीठात कायद्याला गेला, पण त्याचे मन तिथे रमले नाही आणि शिक्षण अर्ध्यावर राहिले. लहानपणी चणीने अगदी बारका होता म्हणून भावाने त्याला ‘पिचिची’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जन्मभर चिकटले. मोठेपणीही उंची फारशी वाढली नाही. ती जेमतेम १५४ सेंटिमीटर सांगतात, म्हणजे पाच फुटांहून थोडीच जास्त.

१९११ मध्ये तो अॅथलेटिकमध्ये आला. त्याच वर्षी स्पेनच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेत अॅथलेटिकच्या इंग्रज खेळाडूंवरून मोठा वाद झाला. त्यानंतर क्लबने परदेशी खेळाडू घेणे सोडले आणि पुढे ‘फक्त बास्क मातीतले खेळाडू’ ही क्लबची रीतच होऊन बसली. ती आज शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. इंग्रजांकडून खेळ शिकलेल्या शहराने तो आपल्याच पोरांच्या जोरावर खेळायचे ठरवले, तेव्हा पुढे आलेल्या पहिल्या पिढीतला हा मुलगा. त्याच्या नावाभोवती जी माया जमली, तिचे निम्मे कारण मला इथेच दिसते.

तेव्हाचा खेळ कसा होता?

पिचिचीला आपण सवयीने ‘स्ट्रायकर’ म्हणतो, पण आजच्या अर्थाने तो स्ट्रायकर नव्हता. त्या काळी जवळजवळ सगळे संघ २-३-५ अशा रचनेत उतरत. गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तिघे, आणि आघाडीला चक्क पाच जण. या पाचांत दोन्ही कडांना दोन विंगर, बरोबर मध्ये सेंटर फॉरवर्ड, आणि विंगर व सेंटर यांच्यामध्ये एकेक ‘इनसाइड’. पिचिची सहसा डावीकडचा इनसाइड. त्याचे काम दुहेरी. मागून चेंडू घ्यायचा, एक-दोघांना चकवत पुढे न्यायचा, आणि जागा मिळाली की स्वतःच गोलवर मारायचा. तो गोलापाशी उभा राहून चेंडूची वाट पाहणारा नव्हता. चेंडू पायाशी ठेवून चकवण्यात त्याचा हातखंडा होता. आणि उंची एवढी कमी असूनही तो हेडर चांगले मारायचा.

हेडर मारणे तेव्हा नुसते कसबाचे नव्हे, धाडसाचेही काम होते. चेंडू जाड चामड्याचा. आतल्या रबरी फुग्यात हवा भरली की बाहेरून वादीने आवळून बांधायचा. त्या वादीची गाठ कपाळावर बसली की कातडी सोलून निघे. शिवाय बिल्बाओत पाऊस भरपूर. भिजलेला चेंडू चांगलाच जड होई. पिचिची डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळायचा. त्याच्या जुन्या छायाचित्रांत तो लगेच ओळखू येतो तो या रुमालामुळे. वादीपासून कपाळ वाचावे हा त्यामागचा साधा हेतू. पण प्रेक्षकांना गर्दीतही आपला माणूस चटकन दिसू लागला, हा त्याचा दुसरा परिणाम.

आता ऑफसाइडचा नियम. आज चेंडू पास होताना आघाडीच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. व्यवहारात एक गोलरक्षक आणि एक बचावपटू. १९२५ पर्यंत ही संख्या तीन होती. हा एकाचा फरक दिसायला किरकोळ, पण मैदानावर फार मोठा. दोन बचावपटूंपैकी एकजण जरी धीटपणे पुढे सरकला, तरी समोरची अख्खी आघाडी ऑफसाइडमध्ये अडके, आणि मागे दुसरा बचावपटू आणि गोलरक्षक सावध उभे असतच. म्हणजे चूक झाली तरी बचावाला सावरायला माणूस शिल्लक. १९२५ मध्ये तिनाचे दोन झाले आणि इंग्लंडच्या लीगमध्ये गोलांची संख्या एका मोसमात भराभर वाढली. पिचिचीने जे काही गोल केले, ते सगळे या जुन्या, अवघड नियमाखाली केले. आजच्या आकड्यांशी तुलना करताना हे विसरता येत नाही.

खेळाडू बदलण्याची सोयही नव्हती. एखाद्याचा पाय दुखावला तर त्याने लंगडत खेळायचे, नाहीतर संघाने दहा जणांत भागवायचे. आणि या सगळ्याचे पैसे? स्पेनमध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली ती १९२६ मध्ये. पिचिचीची सगळी कारकीर्द हौशी खेळाच्या काळातली.

८३ गोलांचा अर्थ

त्याच्या नावावर अॅथलेटिकसाठी ८९ अधिकृत सामन्यांत ८३ गोल सांगितले जातात. हा आकडा पहिल्यांदा ऐकला की दोन उलट विचार एकदम मनात येतात. जवळजवळ सामन्यागणिक गोल, म्हणजे अफाट. पण दहा वर्षांत फक्त ८३? तेल्मो सार्राने पुढे याच क्लबसाठी नुसत्या ला लीगामध्ये २५१ गोल केले.

याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. तेव्हा देशव्यापी लीग नव्हती. प्रत्येक भागाची आपापली प्रादेशिक स्पर्धा असे. बिल्बाओसाठी ती उत्तर विभागाची. मोजकेच संघ, मोजकेच सामने. या स्पर्धेचा विजेता मग राजाच्या नावाच्या राष्ट्रीय चषकासाठी इतर विभागांच्या विजेत्यांशी खेळे. विभागात हरलात तर त्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर तुमचे काम संपले. म्हणजे चांगल्या संघालाही वर्षाकाठी अधिकृत सामने मिळत ते दहाच्या आसपास. आजचा ला लीगाचा संघ एका मोसमात लीगचेच ३८ सामने खेळतो. पिचिचीची अख्खी कारकीर्द त्या हिशेबाने सव्वादोन मोसमांत बसते.

बाकीचे दिवस काय करत? मैत्रीचे सामने. आणि ‘मैत्रीचे’ म्हणून ते हलके नसत. पाहुणा इंग्लिश संघ आला की गाव लोटे. असे सामने धरले तर त्याच्या गोलांची बेरीज दोनशेच्या घरात नेणारेही आहेत, पण त्या सामन्यांच्या नोंदी विखुरलेल्या, म्हणून मी ८३ वरच थांबतो. एवढे मात्र स्पष्ट आहे की त्याचे मोठेपण बेरजेत शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. सामन्यामागे किती, कुठल्या नियमाखाली आणि कुठल्या प्रसंगी, हे पाहायला हवे.

प्रसंग म्हणाल तर असा. २१ ऑगस्ट १९१३. बिल्बाओत सान मामेस हे नवे मैदान सुरू होत होते. जवळच सान मामेस या संताचे देवस्थान, म्हणून मैदानाला ते नाव. रोमनांनी या संताला सिंहांपुढे टाकले आणि सिंहांनी त्याला इजा केली नाही अशी कथा आहे, त्यामुळे अॅथलेटिकच्या खेळाडूंना आजही ‘सिंह’ म्हणतात. वास्तुविशारद मानुएल मारिया स्मिथ. खर्च ८९ हजार पेसेतांच्या वर, प्रेक्षकांची सोय साडेतीन हजारांची. उद्घाटनाचा सामना इरुन गावच्या रेसिंग क्लबशी. याच रेसिंगने त्याच वर्षी मार्चमध्ये अॅथलेटिकला राष्ट्रीय चषकाच्या अंतिम फेरीत हरवले होते, त्यामुळे सामन्याला धार होती. तो १-१ असा सुटला. सान मामेसवरचा पहिला गोल पिचिचीचा.

पुढे शंभर वर्षे त्या मैदानावर खेळ झाला. बिल्बाओकर त्याला ‘कॅथेड्रल’ म्हणत. तिथे झालेल्या हजारो गोलांच्या यादीत पहिले नाव त्याचे. असा मान कुणी ठरवून मिळवत नाही. पण मिळाल्यावर लोक तो विसरतही नाहीत.

चषकांची वर्षे

१९१४, १९१५, १९१६. लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय चषक अॅथलेटिककडे. पहिल्या विजयानंतर संघाला बिली बार्न्स हा इंग्रज प्रशिक्षक मिळाला. या बार्न्सने १९०२ मध्ये शेफील्ड युनायटेडसाठी इंग्लंडच्या एफए कपच्या फेरलढतीत विजयी गोल केला होता, तेव्हा मोठ्या सामन्याचा ताण त्याला सांगावा लागत नव्हता. त्याने विंगरांकडून सरळ, वेगवान खेळ करून घेतला, आणि आत येणाऱ्या चेंडूंवर तुटून पडायला पिचिची होताच. १९१५ च्या अंतिम सामन्यात अॅथलेटिकने बार्सिलोनाच्या एस्पान्योलला ५-० असे लोळवले. पिचिचीने त्यात गोल केले. पुढच्या वर्षी माद्रिद ०-४ ने हरले.

हे सगळे पहिल्या महायुद्धाच्या काळात चालले होते. स्पेन तटस्थ होता. युरोपभर मैदाने ओस पडली असताना इथे फुटबॉल थांबला नाही. शिवाय युद्धामुळे जहाजे आणि लोखंड यांना सोन्याचा भाव आला. बिल्बाओतल्या जहाजमालकांनी अमाप पैसा केला, कारखान्यांत हात कमी पडू लागले, आसपासच्या प्रांतांतून कामगारांचे लोंढे शहरात आले. रविवारी या सगळ्यांना जायला एक जागा होती. जो खेळ पंधरा-वीस वर्षांपूर्वी इंग्लंडहून शिकून आलेल्या श्रीमंत पोरांचा होता, तो आता गोदीतल्या कामगाराचाही झाला. महापौरांच्या मुलाच्या नावाने तो कामगार ओरडू लागला. माझ्या मते पिचिचीच्या गोष्टीतली ही सगळ्यात मोलाची घडामोड, गोलांपेक्षाही.

त्या लोकप्रियतेचा एक देखणा पुरावा चित्रात उरला आहे. ऑरेलियो आर्तेता या बास्क चित्रकाराने १९२० च्या सुमारास एक चित्र काढले. मैदानाच्या कठड्याला रेलून लाल-पांढऱ्या सदऱ्यातला खेळाडू एका तरुणीशी बोलत उभा आहे. ती जोडी म्हणजे पिचिची आणि पुढे त्याची पत्नी झालेली आवेलिना, असे मानले जाते. चित्र आज क्लबच्या संग्रहात आहे. गंभीर चित्रकाराला फुटबॉलपटू हा चित्राचा विषय वाटावा, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती.

अँटवर्प, १९२०

१९२० पर्यंत स्पेनचा राष्ट्रीय फुटबॉल संघच नव्हता. अँटवर्प ऑलिंपिकसाठी तो पहिल्यांदा उभा राहिला, आणि २८ ऑगस्ट १९२० रोजी ब्रसेल्समध्ये पहिला सामना खेळला. समोर डेन्मार्क, म्हणजे मागच्या दोन्ही ऑलिंपिकांत रौप्यपदक घेतलेला संघ. स्पेनच्या गोलात रिकार्दो सामोरा, विशीही न ओलांडलेला. मधल्या फळीत अॅथलेटिकचा धिप्पाड बेलाउस्ते. डावीकडे पिचिची आणि कडेला त्याचाच क्लबमित्र आसेदो. अकरांतले सात जण बास्क. इरुनच्या पात्रिसियो आराबोलासाने गोल केला आणि स्पेन १-० ने जिंकला.

दुसऱ्याच दिवशी यजमान बेल्जियमशी गाठ. दमलेला संघ १-३ ने हरला. नेहमीच्या बाद पद्धतीत इथे कथा संपली असती. पण या ऑलिंपिकची रचना वेगळी होती आणि ती नीट कळल्याशिवाय स्पेनचे पदक कळत नाही. विचार असा की बाद पद्धतीत विजेता कोण हे नक्की कळते, पण दुसरा क्रमांक कोणाचा हे कळत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा संघ पहिल्याच फेरीत विजेत्याशी भिडून बाहेर गेलेला असू शकतो. म्हणून मागे पडलेल्या संघांना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी पुन्हा खेळवायचे. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले चार संघ त्यासाठी आपसांत खेळले.

१ सप्टेंबरला स्पेनने स्वीडनला २-१ ने हरवले. सामना इतका दांडगाईचा झाला की स्पॅनिश फुटबॉलच्या गप्पांत तो अजून निघतो. दुसऱ्याच दिवशी इटली. सामोराला पंचांनी बाहेर काढले तरी स्पेन २-० ने जिंकला. त्याच २ सप्टेंबरला मुख्य अंतिम सामन्यात अघटित घडले. बेल्जियम २-० ने पुढे असताना चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचांवर नाराज होऊन पहिल्या डावातच मैदान सोडून गेला. बेल्जियमला सुवर्णपदक मिळाले आणि चेकोस्लोव्हाकिया स्पर्धेतूनच बाद ठरला. आता रौप्यपदक मोकळे होते. त्यासाठी ५ सप्टेंबरला स्पेन आणि हॉलंड समोरासमोर आले.

स्पेनच्या सेसुमागाने पहिल्या डावात दोन गोल केले. दुसऱ्या डावात हॉलंडने एक फेडला. अशा वेळी सामना कुठेही झुकू शकतो. नऊ दिवसांतला पाचवा सामना, बदली खेळाडू नाही, पाय शिसे झालेले. मग पिचिचीने तिसरा गोल केला आणि प्रश्न मिटवला. ३-१. स्पेनच्या फुटबॉलचे पहिले पदक.

राष्ट्रीय संघाकडून त्याने पाच सामने खेळले, एक गोल केला. पाचही सामने याच नऊ दिवसांतले. पुन्हा तो स्पेनकडून खेळला नाही. आकडेवारीच्या तक्त्यात ‘५ सामने, १ गोल’ ही ओळ किती फिकी दिसते! त्या एका गोलामागे रौप्यपदक होते, हे तक्ता सांगत नाही.

शिट्ट्या

अँटवर्पहून परतलेल्या संघाचे बिल्बाओत कौतुक झाले. १९२१ मध्ये अॅथलेटिकने पुन्हा चषक जिंकला, तोही सान मामेसवर, माद्रिदच्या अॅथलेटिकला ४-१ ने हरवून. हा माद्रिदचा संघ मूळचा बिल्बाओच्याच बास्क विद्यार्थ्यांनी राजधानीत काढलेली शाखा. आजचा अॅटलेटिको माद्रिद तो हाच.

पण या काळात पिचिचीचे आणि प्रेक्षकांचे बिनसत चालले होते. वेग कमी झाला होता, पूर्वीसारखे गोल होत नव्हते, आणि सान मामेसवरचे काहीजण त्याच्यावर शिट्ट्या मारू लागले होते. शिट्टी तिथे कौतुकाची नसते, नापसंतीची असते. ज्या मैदानावरचा पहिला गोल त्याचा, तिथेच. हे वाचताना मला मनापासून वाईट वाटते. लोकांनी एखाद्याला आपला मानले की त्याच्याकडून अपेक्षाही घरच्या माणसाकडून कराव्यात तशा करतात, आणि रागही तसाच काढतात. हौशी खेळाडूला त्यातून मिळायचे काय, तर फक्त मान. तोच गेला तर खेळायचे कशासाठी? १९२१ मध्ये त्याने बूट उतरवले आणि पंचगिरीकडे वळायचे ठरवले.

त्यालाही वेळ मिळाला नाही. १९२२ च्या वसंताआधीच टायफसने तो गेला. खराब शिंपले खाण्यात आले होते अशी आठवण सांगितली जाते. प्रतिजैविके यायला अजून दोन दशके होती, धडधाकट माणूसही अशा तापात काही दिवसांत जाई.

ज्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांच्यासकट सगळे शहर हळहळले. क्लबने किंतीन दे तोर्रे या शिल्पकाराकडून त्याचा अर्धपुतळा करवून घेतला आणि ८ डिसेंबर १९२६ रोजी सान मामेसमध्ये बसवला. तेव्हापासून एक रिवाज पडला. जो संघ सान मामेसवर पहिल्यांदाच खेळायला येतो, त्याचा कर्णधार सामन्याआधी या पुतळ्यापाशी फुले वाहतो. २०१३ मध्ये जुने मैदान पाडून शेजारीच नवे सान मामेस उभे राहिले. पुतळा तिकडे गेला आणि रिवाजही.

करंडक आणि त्याचा हिशेब

‘मार्का’चा जन्मही बास्क प्रदेशातलाच. १९३८ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, ते सान सेबास्तियानला सुरू झाले. १९५२-५३ च्या मोसमात या वृत्तपत्राने ला लीगाच्या सर्वाधिक गोल करणाऱ्याला करंडक द्यायचे ठरवले आणि त्याला पिचिचीचे नाव दिले. त्या मोसमात तो २४ गोल करणाऱ्या तेल्मो सार्राला मिळाला, अॅथलेटिकच्याच. १९२९ पासूनच्या आधीच्या गोलवीरांनाही मग मागाहून याच यादीत धरले गेले.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा करंडक वृत्तपत्राचा, लीगचा नव्हे. त्यामुळे गोल कोणाचा, हे ठरवायचे निकषही त्याचेच. २०१०-११ मध्ये ख्रिस्तियानो रोनाल्डोचे ‘मार्का’ने ४१ गोल मोजले, लीगच्या अधिकृत नोंदीत ते ४० होते. त्याने मारलेला एक चेंडू सहकारी पेपेला लागून आत गेला होता. पंचांनी तो गोल पेपेच्या नावे लिहिला, ‘मार्का’ने रोनाल्डोच्या. ज्याच्या स्वतःच्या गोलांची बेरीज नक्की सांगता येत नाही, त्याच्या नावाच्या करंडकाचा हिशेबही दोन तऱ्हांनी होतो.

लीगची सुरुवातीची वर्षे पाहिली तर बास्क गोलवीरांची परंपराच दिसते. पहिल्या मोसमात रेआल सोसिएदादचा बिएनसोबास, मग अॅथलेटिकचा गोरोस्तिसा, मग बाता, पुन्हा गोरोस्तिसा. नंतर सार्रा, एकूण सहा वेळा. या प्रदेशाची आपल्याकडेही एक खूण आहे. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाकडून १४ गोल करून गोल्डन बूट जिंकणारा इगोर आंगुलो हा बिल्बाओचाच, अॅथलेटिकच्या अकादमीत घडलेला. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला होता. पुढच्या वर्षी तो मुंबई सिटीकडून खेळला.

आणि खुद्द अॅथलेटिक? फक्त बास्क खेळाडू घेणारा क्लब जगभरातून गोलवीर विकत घेऊ शकत नाही, आणि आजच्या पैशाच्या काळात त्याची किंमत इथे मोजावी लागते. फिदेल उरियार्तेने १९६७-६८ मध्ये २२ गोल करून पिचिची करंडक बिल्बाओला आणला. १९७४-७५ मध्ये कार्लोस रुईसने १९ गोल करून. त्यानंतर अॅथलेटिकच्या कुठल्याच खेळाडूला तो मिळालेला नाही.